हात टेकण्याआधी मेंदू काय मोजतो?

झेब्राफिश माशाचं पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचं आणि पारदर्शक असतं. त्यामुळे ते जिवंत असतानाच त्याच्या मेंदूत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. 2019 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी पिल्लं आभासी प्रवाहात ठेवली. पिल्लू शेपटी हलवायचं, पण समोरचं दृश्य तसूभरही सरकायचं नाही. पिल्लांनी आधी जास्त जोर लावला, मग ती गप्प झाली आणि थोड्या वेळानं पुन्हा धडपडू लागली. दरम्यान वाया गेलेल्या प्रयत्नांचा हिशेब मेंदूत साठत होता, आणि तो ठेवत होत्या ग्लिया पेशी. चेतापेशींच्या निव्वळ मदतनीस म्हणून या पेशींकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं होतं. त्या निकामी केल्या तर पिल्लं थांबायची नाहीत. मुद्दाम उत्तेजित केल्या तर कारण नसतानाही थांबायची.

माशावरून थेट माणसावर उडी मारू नये. पण हात टेकणं हा नुसता आळस नसतो, त्यामागे मेंदूचा हिशेब असतो, हे मला या प्रयोगातून फार महत्त्वाचं वाटतं.

कुत्र्यांवरचा 1967 चा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, जे काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर बुटकी आडकाठी ओलांडून सहज सुटता येत असतानाही त्यांतले बरेच जागीच पडून राहिले. ‘असहायता शिकली जाते’ असा त्याचा अर्थ लावला गेला. जवळपास 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी तो अर्थ उलटा केला. दीर्घ त्रासापुढे गप्प होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे. ते उमगलं की कपाळामागचा मेंदूचा भाग आतल्या घाबरलेल्या केंद्राला आवरतो. म्हणजे चिकाटीला खतपाणी लागतं ते पुराव्याचं.

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर नव्यानं धावायला येणाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते. स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींमधली ऊर्जाकेंद्रं, वाढायला आठवडे लागतात आणि वजनकाटा तर ढिम्म हलत नाही. पण नियमित व्यायामाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्याच वेगानं धावताना नाडीचे ठोके कमी होऊ लागतात. म्हणून नवख्यांना माझं सांगणं आहे: वजन राहू द्या. तेवढ्याच फेऱ्या तेवढ्याच वेगानं मारा, थांबल्या थांबल्या मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंदांचे ठोके मोजा आणि लिहून ठेवा. फरक आधी तिथे दिसेल.

आणखी एक. सातपूर-अंबडच्या कंपनीत दिवसभर डोकं शिणवून संध्याकाळी धावणाऱ्याला ‘आज पाय उचलत नाहीत’ असं वाटतं, ते खोटं नसतं. 2009 च्या एका प्रयोगात 90 मिनिटं अवघड बौद्धिक काम केलेले लोक सायकलवर लवकर थकले. हृदय आणि स्नायू पूर्वीइतकेच तयार होते. कष्ट मात्र जास्त जाणवत होते. अशा दिवशी वेग कमी ठेवावा, स्वतःला दूषणं देऊ नयेत.

सोबत असली की हे ओझं हलकं होतं, यालाही आधार आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेपटूंनी 45 मिनिटं एकेकट्यानं आणि मग एका लयीत मिळून सराव केला. मेहनत सारखीच, पण मिळून केल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली आढळली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं नौका वल्हवत होते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्ण आणलं. त्या पदकाचं श्रेय एका प्रयोगाला देता येणार नाही, पण ती शर्यत मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत धो धो पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंड्यावर हंडा, आणि आटत चाललेल्या विहिरीकडे उतार. अशा बाईला चिकाटीचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. तिची चिकाटी कमी नाही. तिच्या कष्टाचं फळ रोज त्याच संध्याकाळी संपतं. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याचा अभिमान आहेच. पण त्यांचं उदाहरण देऊन बाकीच्यांना ‘तुम्हीही जिद्द धरा’ म्हणणं म्हणजे नळाचा प्रश्न टाळणं.

म्हणूनच श्रमदानातला वनराई बंधारा मला पटतो. पावसाळा सरला की नाल्याला धार असतानाच तो घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, रांगेत उभं राहून हातोहात पुढे द्यायच्या, सांधे चुकवत रचायच्या आणि फटी चिकणमातीनं लिंपायच्या. भिंत उभी राहते तशी मागे पाणी तुंबायला लागतं आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते दिसतं. पाणी मुरावं म्हणून डोंगरउतारावर आडव्या खोदलेल्या समतल चरांचं फळ दिसायला मात्र पुढचा पावसाळा उजाडतो. गावात दोन्ही कामं करायची असतील, तर सुरुवात लहानशा नाल्यावरच्या बंधाऱ्यानं करावी आणि चरांची आखणी त्यानंतर हातात घ्यावी.