बोललेलं विसरतं, लागलेलं राहतं

"आज रविवार ना रे, मिस्सा किती वाजता?" हा प्रश्न आमची स्मृतिभ्रंश झालेली मम्मी सकाळच्या एका तासात दहा-अकरा वेळा विचारते, वार कुठलाही असो. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चला आयुष्यभर गेलीये, त्यामुळे बाकी सगळं पुसलं तरी मिस्सा (चर्चमधली उपासना) राहिलाय. दहा वेळा मी नीट उत्तर देतो, अकराव्यांदा लॅपटॉपवर मीटिंग चालू असते आणि तोंडातून निघतंच, "अगं किती वेळा सांगू तुला!" पाच मिनिटांत ती माझं ओरडणं विसरते. पण नाश्ता तसाच पडून राहतो, दुपारपर्यंत खिडकीत तोंड पाडून बसते, आणि विचारलं तर म्हणते काही नाही रे, उगाच कसंतरी होतंय.

ते उगाच नसतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने २०१४ साली अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाचा एक आजार) १७ पेशंटना सिनेमातले रडवणारे आणि हसवणारे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने काय पाहिलं विचारलं तर त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना, पण वाईट वाटणं मात्र तसंच राहिलेलं, अर्ध्या तासानंतरसुद्धा. त्यातही ज्यांना कमी आठवत होतं त्यांची उदासी जास्त टिकली. घटना साठवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस करतो आणि अल्झायमर तिथे लवकर पोचतो, पण भावनेला फक्त त्याचाच आधार नसतो. मला वाटतं कारणच आठवत नाही म्हणून मनाची समजूतही घालता येत नसणार, आपण निदान "जाऊ दे, दमलाय तो" असं म्हणू शकतो.

बरं, गोड बोलायचं म्हणजे लाडात बोलायचं असंही नाही हां. मधे आम्ही ब्युरोतून एक बाई ठेवल्या होत्या, स्वभावाने चांगल्या, पण बोलायच्या कशा, "चला बाळा, शहाणी मुलगी ना तू, आऽ कर." मम्मीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. ती दात घट्ट मिटून घ्यायची आणि बाई म्हणायच्या पेशंट हट्टी आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या २० जणांची देखभाल होतानाचे व्हिडिओ तपासले होते. नर्सिंगचा स्टाफ असा बाळबोलीत बोलला की पेशंटने विरोध करायची शक्यता ५५ टक्के, आणि मोठ्या माणसाशी बोलतात तसं साधं बोललं की २६ टक्के.

ऐकण्याचा पण भाग आहेच यात. वयानुसार कान आधी उंच पट्टीतले आवाज गमावतात, म्हणजे स, श, फ असली अक्षरं. आपण किंचाळून किंवा बारीक लाडिक आवाजात बोललो की पट्टी अजून वर जाते, मग तिला शब्द कळत नाही आणि चिडलेला चेहरा तेवढा दिसतो. समोर येऊन, खालच्या पट्टीत, हळू बोललं की निम्मी भांडणं होतच नाहीत, निदान आमच्याकडे तरी.

आता हे सगळं माहीत असून मी ओरडतो का? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात जिभेला मोठ्या जहाजाचं छोटं सुकाणू म्हटलंय, आणि प्रवचनात नेहमी सुकाणू नीट धरा एवढंच सांगतात. पण धरणारा तीन रात्री झोपला नसेल तर? २००७ च्या एका प्रयोगात तरुण निरोगी लोकांना साधारण ३५ तास जागं ठेवून वाईट चित्रं दाखवली, तर भीती-रागाची घंटा वाजवणारा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भडकला, आणि त्याला आवरणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडला. मम्मी रात्री दोनला उठून मिस्साची साडी शोधते. आणि शरीर पण हिशोब ठेवतंच, १९९५ मधे ओहायोत घरच्या डिमेन्शिया पेशंटला सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, ती भरायला त्यांच्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा नऊ दिवस जास्त लागले.

मग रोझरीचा, म्हणजे माळ धरून म्हणायच्या मरियेच्या प्रार्थनेचा, काही उपयोग? आहे, आणि कसा ते मोजलंय. इटलीतल्या पाव्हियाच्या डॉक्टरांनी २००१ मधे २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मरियेची प्रार्थना म्हणायला लावली, अर्धी एकाने, उरलेली दुसऱ्याने. एका फेरीला साधारण दहा सेकंद, त्यामुळे श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. ब्लड प्रेशरची स्वतःची एक लाटही साधारण दहा सेकंदांचीच असते, दोन्हींचा ताल जुळला आणि प्रेशर सांभाळणारी यंत्रणा जास्त तल्लख झाली. "ओम मणि पद्मे हुम" हा बौद्ध मंत्र म्हणूनही तेच झालं, तेव्हा कॅथलिकांनी फार कॉलर ताठ करू नये. आमच्याकडे एक जादा फायदा, मम्मीला नातवाचं नाव आठवत नाही पण पहिला अर्धा भाग मी म्हटला की दुसरा ती न चुकता म्हणते. लहानपणापासून घोटलेलं असं उशिरापर्यंत टिकतं. म्हणजे दहा मिनिटं आम्ही दोघं बरोबरीचे असतो, कोणी कोणाला शिकवत नाही.

पण रोझरीने झोप भरून निघत नाही, तिथे मला संदेष्टा एलिया आठवतो. बायबलच्या पहिल्या राजे पुस्तकात तो थकून झुडपाखाली मरण मागत पडतो, तर देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो आणि तो खाऊन परत झोपतो. मग दूत दुसऱ्यांदा येतो, परत भाकर. धीर धर, गोड बोल, असलं काही सांगत नाही.

म्हणून चर्चमधल्या लोकांनी "काही लागलं तर सांग हां" म्हटलं की मी आता लाजत नाही, सरळ तास मागतो. शनिवारी रात्री ताई नेरुळहून ट्रेनने येते आणि मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतो. गुरुवारी दुपारी दोन ते पाच खालच्या मजल्यावरच्या आँटी बसतात. मम्मी त्यांनाही विचारते मिस्सा किती वाजता, आणि आँटी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं म्हणतात, "अजून वेळ आहे टीचर, तोवर चहा घेऊ या." तीन तासच बसायचं असतं ना त्यांना.