हजेरीपटावरची सहल

1895 साली इंग्लंडच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांच्या नियमावलीत एक छोटीशी भर घातली. शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली वस्तुसंग्रहालय किंवा कलादालन पाहायला गेलेल्या मुलांची हजेरी वर्गात बसल्यासारखीच मांडता येईल, एवढाच तिचा अर्थ. तेव्हा शाळांचं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीशी बांधलेलं होतं. वर्ग बाहेर न्यायचा तर शाळेला पदरचे पैसे सोडावे लागत. मँचेस्टरच्या टी. सी. हॉर्सफॉल या गृहस्थांनी या एका तरतुदीसाठी सरकारचा पिच्छा पुरवला. गिरण्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना चित्रं, झाडं, पक्षी यांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी कामगारवस्तीतच एक कलासंग्रहालय उभं केलं होतं.

शैक्षणिक सहलीच्या इतिहासात मला ही नोंद फार मोलाची वाटते. सहल म्हणजे तास की सुट्टी, या प्रश्नाचं उत्तर इथे सरकारी कागदावर उतरलं. आज सहलीकडे वर्षभराच्या अभ्यासानंतरचा विसावा म्हणून पाहिलं जातं, पण ती जन्मली अभ्यासाच्या पोटी.

कल्पनेचं मूळ शोधत गेलं तर सतराव्या शतकातल्या कोमेनियसपाशी थांबावं लागतं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियातून परागंदा झालेल्या या शिक्षकाने सांगितलं की माणसांनी शहाणपण पुस्तकांपेक्षा आकाश, जमीन आणि ओक, बीच यांसारखी झाडं यांच्याकडून शिकावं. 1658 मध्ये त्याने मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, कारण प्रत्येक वस्तू काही वर्गात आणता येत नाही. पुढे 1762 मध्ये रूसोने आपल्या मानसपुत्राला, एमिलला, भूगोल शिकवण्यासाठी नकाशाऐवजी सूर्योदय दाखवला. पण रूसोचा विद्यार्थी एकटाच, तोही कागदावरचा. पन्नास खरी मुलं घेऊन बाहेर पडायचं म्हटल्यावर काय करायचं, याचं उत्तर द्यायला शाळा चालवणारी माणसं यावी लागली.

त्यातलं पहिलं ठळक नाव झाल्ट्समान यांचं. 1784 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात श्नेप्फेन्थाल येथे शाळा काढली. मुलांना पायी फिरायला नेणं हा तिथे शिकवण्याचाच भाग होता. शाळेचा पहिलावहिला विद्यार्थी होता कार्ल रिटर, जेमतेम पाच वर्षांचा. आधुनिक भूगोलाच्या संस्थापकांत पुढे त्याची गणना झाली.

या रिटरमुळेच आपण स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दोंला पोचतो. तिथल्या जुन्या किल्ल्यात पेस्टालोझी यांनी 1805 पासून वीस वर्षं शाळा चालवली आणि रिटर ती पाहायला गेला होता. आपल्या प्राथमिक शाळेतल्या पोराला जेवढा भूगोल येतो तेवढाही पेस्टालोझींना येत नसेल, पण या विषयातलं मुख्य ते मी त्यांच्याचकडून शिकलो, अशी कबुली त्याने दिली. ते काय होतं, हे तिथल्या एका विद्यार्थ्याने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

इव्हर्दोंजवळ एका अरुंद दरीतून ब्यूरों नावाचा ओढा वाहतो. मुलांना आधी तिथे नेत. दरी एकूण कशी दिसते ते पाहायचं, मग तिचा एकेक भाग निरखायचा, तिचं चित्र मनात पक्कं बसेपर्यंत. मग एका काठावरच्या थरांतली चिकणमाती खणून टोपल्यांत भरायची. किल्ल्यावर परतल्यावर लांब टेबलांभोवती मुलं वाटून दिली जात आणि प्रत्येक गट त्या मातीतून आपल्या वाट्याची दरी घडवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी, थोडा वरचा भाग, पुन्हा माती. असं करत करत सगळं खोरं टेबलावर उभं राहिलं की मग, शेवटी, नकाशा समोर यायचा. तोवर मुलांना तो वाचता येऊ लागलेला असे, कारण त्यातली प्रत्येक रेघ त्यांच्या बोटांखालून गेलेली असे.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचतो. जागा शाळेजवळची आहे आणि मुलं तिथे एकदा जाऊन थांबलेली नाहीत. पुढच्या दोनशे वर्षांत सहलीच्या हातून सगळ्यात आधी निसटल्या त्या याच दोन गोष्टी.

आल्प्सच्या पायवाटांनी आणखी एक शिक्षक गेला, त्याचाही उल्लेख करावासा वाटतो. जिनिव्हातल्या निवासी शाळेचा चालक रोडोल्फ टॉप्फर दरवर्षी मुलांना डोंगरात पायी हिंडायला नेई आणि परतल्यावर सगळ्या प्रवासाचा सचित्र वृत्तांत तयार करी. चित्रकथेचा जनक म्हणून आज तो ओळखला जातो. सहलीनंतर निबंध लिहायला लावण्याच्या प्रथेला इतका आनंदी पूर्वज लाभला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

आगगाडी आली आणि अंतराचा हिशोबच बदलला. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक यांनी सुमारे पाचशे माणसं एका खास गाडीने लेस्टरहून लफबरोला नेली. हे निमित्त मद्यपानविरोधी सभेचं होतं, पण गटाने तिकीट काढून एका दिवसात जाऊन येण्याची पद्धत रुळली ती अशा फेऱ्यांतून. दहाच वर्षांनी लंडनच्या महाप्रदर्शनाला शाळाच्या शाळा रांगेने आल्या. चालत जाताना वाटच धडा असे, आता धडा मुक्कामावर ठेवावा लागला.

मुक्कामाच्या जागांनाही मुलांची सवय नव्हती. ब्रिटिश म्युझियम 1759 मध्ये खुलं झालं, लूव्र 1793 मध्ये. कपाटांची उंची, पाट्यांवरची भाषा, मांडणीचा क्रम, सगळं मोठ्यांसाठी आणि बरंचसं जाणकारांसाठी होतं. मुलांना डोळ्यापुढे ठेवून उभं राहिलेलं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1899 साली सुरू झालं. सेंट लुईस शहराने 1905 मध्ये उलटा मार्ग धरला: शालेय संग्रहालयातले नमुने घोडागाडीत भरून शाळाशाळांत फिरवले. पहिल्या महायुद्धात मँचेस्टरमधल्या शाळांच्या इमारती लष्करी इस्पितळांसाठी घेतल्या गेल्या, तेव्हा 1915 पासून वर्ग थेट संग्रहालयांत भरू लागले. अडचणीतून सुरू झालेली ही सोय शिक्षकांच्या इतकी मनात भरली की युद्ध संपल्यावरही ती चालू राहिली.

प्रादेशिक संग्रहालयाची कल्पना याच सुमारास आकाराला आली. स्टॉकहोममध्ये आर्टर हाझेलियस यांनी 1891 मध्ये स्कान्सेन उभारलं. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं उचलून आणून, त्यांतल्या भांड्याकुंड्यांसह, ती उघड्या मैदानावर मांडली. कारखानदारीने गावाकडचं जगणं पुसलं जात होतं आणि ते पाहिलेली माणसं हयात असतानाच ते जपायची त्यांची धडपड होती. एडिनबर्गमध्ये पॅट्रिक गेडीस यांनी 1892 मध्ये एका मनोऱ्याचा ताबा घेतला. वरच्या टोकाला अंधाऱ्या खोलीत भिंगातून शहराचं हलतं चित्र पांढऱ्या टेबलावर पडे. ते पाहून गच्चीवर यायचं, खरं शहर डोळ्यांनी पाहायचं आणि मग एकेक मजला उतरायचं: आधी एडिनबर्ग, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषिक देश, युरोप आणि अगदी तळाशी जग. पाहणारा उभा आहे तिथूनच अभ्यास सुरू व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. हेच गेडीस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

निसर्गाच्या बाजूने सर्वांत मोठा धक्का निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी दिला. 1873 च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या पेनिकीस बेटावर शिक्षकांसाठी शाळा भरवली. पुस्तकं नको, निसर्ग अभ्यासा, हे तिचं ब्रीद. त्याच डिसेंबरात अगासी वारले आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर शाळाही बंद पडली. पण विद्यार्थी होते शिक्षक आणि शिक्षिका, त्यामुळे ती पद्धत त्यांच्याबरोबर अनेक गावांतल्या वर्गांत गेली.

जपानने सहलीला जेवढं मानाचं स्थान दिलं तेवढं क्वचितच कुणी दिलं असेल. फेब्रुवारी 1886 मध्ये टोकियोच्या अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी अकरा दिवसांच्या पायी दौऱ्यावर चिबा प्रांतात गेले. त्यात लष्करी कवायत होती आणि निसर्गाचं निरीक्षणही होतं. त्यातूनच शालेय प्रवासाची राष्ट्रीय प्रथा वाढली, इतकी की 1959 पासून खास विद्यार्थ्यांसाठी आगगाड्या धावू लागल्या. त्याआधी एक भीषण घटना घडली होती. 11 मे 1955 रोजी सेतोच्या समुद्रात धुक्यात शिउन मारू ही प्रवासी बोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. 168 जण गेले, त्यांपैकी 100 शाळकरी मुलं होती, सहलीला निघालेली. त्या समुद्रावर पूल बांधण्याच्या मागणीला या दुर्घटनेने जोर आला आणि 1988 मध्ये तो पूल खुला झाला. इंग्लंडमध्येही 1993 मध्ये लाइम उपसागरात होड्या वल्हवणारी चार मुलं दगावली, तेव्हा 1995 मध्ये साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. सहलीच्या परवानगीपत्रांचा आणि नियमांचा आज कंटाळा येतो खरा, पण त्यांच्यामागे अशी मुलं आहेत.

रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न जर्मनीतल्या एका शिक्षकाने सोडवला. ऑगस्ट 1909 मध्ये रिशार्ड शिरमान आपला वर्ग घेऊन काही दिवसांच्या पदयात्रेवर होते. ब्र्योल खोऱ्यात वादळाने गाठलं. शेवटी एका गावच्या शाळेत वर्गखोली आणि अंथरायला पेंढा मिळाला. मुलं झोपली, बाहेर विजा कडाडत होत्या आणि शिरमान जागेच होते. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळा अशाच उघडल्या तर, हा विचार त्या रात्री त्यांना सुचला. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं युवा वसतिगृह सुरू झालं ते त्यातूनच.

सहलीतून मुलं नेमकं काय शिकतात, याची पद्धतशीर तपासणी मात्र बरीच उशिरा झाली. अमेरिकेत जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवलं की अगदी अनोळखी जागी गेलेली मुलं ठरवलेला विषय कमी शिकतात. त्यांचं लक्ष आधी जागा समजून घेण्यात जातं. 1994 मध्ये इस्रायलमधल्या ओरियन आणि हॉफस्टाइन यांनी भूशास्त्राच्या सहली अभ्यासून याचा उपाय सांगितला: निघण्यापूर्वी मुलांना रस्ता, दिवसाचा क्रम आणि हाताळायला ते खडक दाखवा. मला इथे ब्यूरोंच्या काठावरची ती पोरं आठवतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच दरीत जाताना त्यांना बुजायला काही उरलेलंच नसणार. एका दिवसात पाच ठिकाणं उरकणारी सहल मुलांना पाचही वेळा नवखंच ठेवते.

अलीकडची एक चाचणी फार बोलकी आहे. 2011 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. त्याची शालेय भेट मोफत होती आणि मागणी इतकी आली की सोडत काढावी लागली. त्यामुळे जाऊन आलेले आणि अजून थांबलेले असे दोन सारखे गट संशोधकांना आयते मिळाले. 123 शाळांतल्या 10,912 मुलांना काही आठवड्यांनी प्रश्न विचारले गेले. ग्रामीण आणि गरीब शाळांतल्या मुलांवर भेटीचा परिणाम जास्त दिसला. भेटीत पाहिलेल्या एका जुन्या चित्रात मेपलच्या रानात झाडांच्या रसापासून साखर बनवणाऱ्यांचा तळ आहे. गुलामांच्या कष्टातून येणारी उसाची साखर नको म्हणून गुलामगिरीचे विरोधक मेपलची साखर वापरत, ही गोष्ट ते चित्र पाहिलेल्या 88 टक्के मुलांच्या लक्षात होती. चित्रात ती कुठेच लिहिलेली नाही. चित्रासमोर उभं असताना कुणीतरी ती मुलांना सांगितली होती.