प्रक्रियायुक्त अन्नातील ॲलर्जीकारक घटक : शोध आणि नियंत्रण

कारखान्यात तयार होणाऱ्या पाकीटबंद, डबाबंद वा गोठवलेल्या खाद्यपदार्थांत कोणते ॲलर्जीकारक घटक (ॲलर्जन) आहेत हे ओळखणे, एका पदार्थातला घटक नकळत दुसऱ्यात जाऊ न देणे आणि जो आहे तो वेष्टनावर स्पष्ट लिहिणे, ही तीन कामे या विषयात येतात. जंतू, कीटकनाशकाचा अंश किंवा शिसे अन्नात कुणालाच नको असते. शेंगदाणा, दूध, गहू, अंडे हे मात्र बहुतेकांसाठी पौष्टिक अन्न आहे. थोड्या लोकांना तेच जिवावर बेतते. शिवाय उष्णतेने जंतू मरतात तसा ॲलर्जनचा नायनाट होत नाही. शेंगदाणा भाजल्यावर त्याची ॲलर्जी निर्माण करण्याची क्षमता उलट वाढल्याचे आढळले आहे.

अन्नाच्या ॲलर्जीत रोगप्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे तयार करते. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले की हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात. अंगावर गांधी उठतात, ओठ व घसा सुजतो, उलट्या होतात. तीव्र झटक्यात रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. या झटक्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावर तातडीचे औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत या प्रकाराचे वर्णन केले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केली. दूध न पचणे, म्हणजे लॅक्टोज पचवणाऱ्या विकराची कमतरता, ही ॲलर्जी नव्हे. गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक रोगही या अर्थाने ॲलर्जी नाही. पण रुग्णाला ग्लुटेन आयुष्यभर टाळावे लागत असल्याने कायदा त्याला याच यादीत बसवतो. सुकामेव्यात व वाइनमध्ये वापरले जाणारे सल्फाइट तर प्रथिनही नाही, तरी दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो म्हणून तेही यादीत असते.

देशोदेशींच्या याद्या : आंतरराष्ट्रीय खाद्यसंहिता आयोगाने (कोडेक्स) १९९९ मध्ये आठ गटांची यादी स्वीकारली. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडा), अंडी, मासे, शेंगदाणे व सोयाबीन, दूध, काजू-बदाम-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट असे ते गट. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमात चौदा घटक आहेत. त्यांत सेलरी, मोहरी, तीळ, ल्युपिन (एक कडधान्य) आणि शिंपल्या-माकुळासारखे मृदुकाय प्राणीही येतात. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात आठ नावे होती, १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा झाला. जपानने २००२ पासून सक्ती केली तेव्हा त्यात कुट्टू होता, कारण तिथे सोबा नावाच्या कुट्टूच्या शेवया घरोघरी खाल्ल्या जातात. यादी म्हणजे त्या त्या समाजाच्या ताटाचे प्रतिबिंबच असते.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबल नियमांनुसार मूळ कोडेक्स यादीशी मिळतीजुळती यादी लागू आहे. तीळ आणि मोहरी तिच्यात नाहीत. ज्या देशात संक्रांतीला घरोघरी तीळ वाटला जातो आणि फोडणी मोहरीवाचून होत नाही, तिथे ही उणीव खटकते. याचा व्यवहारातला परिणामही विचित्र आहे. गोडा मसाल्यात तीळ असतो. पुण्यातला उत्पादक हाच मसाला लंडनला पाठवताना घटकांच्या यादीत तीळ ठळक अक्षरांत छापतो. दादरच्या दुकानात जाणाऱ्या पाकिटावर तो इतर घटकांच्या रांगेत एक नाव म्हणून राहिला तरी चालते. सुक्या खोबऱ्याबाबत उलटे घडले. अमेरिकेत नारळ अनेक वर्षे काजू-बदामांच्या गटात धरला जाई, जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला तिथून वगळण्यात आले.

नको तो घटक शिरतो कसा : काही वेळा तो घटक पाककृतीतच असतो, फक्त दिसत नाही. बाजारातला पूड हिंग हे याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून विकतात, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. सीलिॲकच्या रुग्णाने पोळी, पाव, रवा सगळे सोडले तरी आमटीच्या फोडणीतून गहू पोटात जात राहतो. तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग आता मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग यंत्रांचा. फरसाणाच्या कारखान्यात एकाच कढईत आधी शेंगदाण्याचा घाणा निघतो, मग पातळ पोह्यांचा. तेल तेच असते. चिक्की शेंगदाण्याची असो, तिळाची की काजूची, ती लाटण्याचा ओटा आणि कापण्याच्या सुऱ्या बदलतातच असे नाही. बिस्किटांच्या कारखान्यात तुटके तुकडे भुगा करून पुढच्या पिठात मिसळतात. काजूच्या बिस्किटाचा भुगा साध्या ग्लुकोज बिस्किटात गेला की काम बिघडले. चॉकलेट सर्वांत अवघड. पाण्याचा थेंबही चॉकलेट बिघडवतो, त्यामुळे यंत्र धुता येत नाही. नवीन चॉकलेट किंवा कोकोचे लोणी आतून ढकलून जुना माल बाहेर काढावा लागतो आणि दुधाचा अंश तरीही मागे राहतो. दूध न घातलेल्या गडद चॉकलेटमध्ये दूध सापडण्याचे प्रकार त्यामुळेच वारंवार घडतात.

तिसरा मार्ग कच्च्या मालाचा आहे आणि तो उत्पादकाच्या नजरेआड असतो. २०१४ च्या अखेरीपासून अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचे प्रथिन आढळल्याने ती पूड वापरलेली अनेक उत्पादने बाजारातून परत मागवावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी असलेले पदार्थ काही काळ टाळण्याचा सल्ला दिला, कारण भारतातून आलेल्या मोहरीच्या पुडीत शेंगदाणा निघाला होता. सॅलडवरचा मसाला, सँडविच, सॉस अशा मोहरीचा संशयही येणार नाही अशा पदार्थांपर्यंत तो पोहोचला होता. कधी यामागे निव्वळ काटकसर असते. ब्रिटनमधल्या एका भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहाच्या मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामपुडीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली. ‘शेंगदाणा नको’ असे सांगून २०१४ मध्ये तिथून जेवण नेलेल्या ग्राहकाचा मृत्यू झाला आणि २०१६ मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली.

या सगळ्यांपेक्षा साधी चूक म्हणजे भलत्याच पाकिटात माल भरणे. वेष्टनाचे जुने रोल संपवण्याच्या नादात किंवा पाळी बदलताना एका पदार्थाचे पाकीट दुसऱ्याला लागते. माल परत मागवण्याच्या घटनांत अशा वेष्टनाच्या चुकांचा वाटा मोठा असतो. त्यासाठी प्रयोगशाळेची नव्हे, पाकिटावरचा बारकोड तपासणाऱ्या साध्या यंत्राची गरज असते.

प्रयोगशाळेतील शोध : सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी एलायझा ही आहे. हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तबकडीवर बसवलेली असतात. नमुन्यातले प्रथिन त्यांना चिकटले की रंग येतो आणि रंगाच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. दशलक्ष भागांत काही भाग इतका अंशही ती पकडते. हेच तत्त्व वापरणाऱ्या कागदी पट्ट्या कारखान्यात यंत्र पुसल्यावर जागेवरच वापरता येतात. या पट्ट्यांचा एक फसवा स्वभाव तपासणाऱ्याला माहीत असावा लागतो : ॲलर्जनचे प्रमाण फारच जास्त असेल तर रेघ उमटत नाही आणि ‘नाही’ असा निकाल दिसतो. म्हणून संशयित नमुना पातळ करून पुन्हा तपासतात.

दुसरी पद्धत पीसीआरची. ती प्रथिनाऐवजी त्या प्राण्याचा वा वनस्पतीचा डीएनए शोधते. सेलरीसारख्या घटकासाठी ती उपयोगी पडते. अंड्यासाठी निरुपयोगी, कारण कोंबडीचे मांस आणि कोंबडीचे अंडे यांचा डीएनए एकच. दूध आणि गोमांसाचेही तसेच. तिसरी, मास स्पेक्ट्रोमेट्री, प्रथिनाचे तुकडे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळख पटवते. एकाच वेळी अनेक ॲलर्जन शोधता येतात, पण यंत्र महाग आणि ते चालवायला तज्ज्ञ लागतो.

निकाल चुकतात कुठे, हा भाग अधिक महत्त्वाचा. प्रथिन नमुन्यातून बाहेर काढता आले तरच ते मोजले जाते. चॉकलेटमधली पॉलिफेनॉल द्रव्ये प्रथिनाला घट्ट धरून ठेवतात. भाजलेल्या, तळलेल्या पदार्थांत प्रथिनाचा आकार बदलतो आणि प्रतिपिंड त्याला ओळखत नाही. जपानने यावर उपाय म्हणून प्रथिने उलगडणारे तीव्र द्रावण अधिकृत पद्धतीत आणले. दुधासाठी केसीन (दुधातले मुख्य प्रथिन) शोधणारा संच वापरला आणि पदार्थात फक्त निवळीची प्रथिने असली तर अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो आणि तो खोटाही नसतो. आंबवलेल्या पदार्थांत, उदाहरणार्थ बिअरमध्ये, ग्लुटेनचे इतके बारीक तुकडे झालेले असतात की नेहमीच्या चाचणीचा भरवसा उरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये अशा पदार्थांच्या ‘ग्लुटेनमुक्त’ दाव्यासाठी आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेनमुक्त असल्याच्या नोंदी मागितल्या.

उलट दिशेची चूकही होते. ब्रिटनमध्ये २०१५ साली जिरेपुडीच्या एका नमुन्यात एलायझाने बदाम दाखवला आणि माल परत मागवला गेला. नंतर डीएनए आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासल्यावर तो महालेब निघाला. महालेब म्हणजे बदामाच्याच कुळातल्या एका रानचेरीच्या बियांचा मसाला. प्रतिपिंडांना दोन्ही भावंडे सारखीच दिसली होती. नमुना कुठून घेतला यालाही तितकेच महत्त्व आहे. टनभर मालात शेंगदाण्याचे चार तुकडे इकडेतिकडे पडले असतील तर काही ग्रॅमच्या नमुन्यात ते सापडण्याची शक्यता नगण्य असते. तेव्हा चाचणीचा खरा उपयोग स्वच्छतेची पद्धत काम करते आहे का हे पडताळण्यापुरता. चाचणी करून करून माल सुरक्षित होत नाही.

किती अंश धोक्याचा : अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने अलीकडे संदर्भमात्रा सुचवल्या आहेत. त्या ॲलर्जनच्या एकूण प्रथिनात मोजतात : अक्रोड, काजू, बदाम यांसाठी १ मिलिग्रॅम; शेंगदाणा, दूध, अंडे, तीळ यांसाठी २; हेझलनटसाठी ३; गहू व मासे यांसाठी ५; कोळंबीसाठी तब्बल २००. एवढ्या मात्रेला त्या त्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी जास्तीत जास्त पाच टक्क्यांना लक्षणे दिसतील असा हिशेब त्यामागे आहे. ५० ग्रॅम चिवडा खाणाऱ्यासाठी शेंगदाण्याची २ मिलिग्रॅम मात्रा म्हणजे किलोमागे ४० मिलिग्रॅम प्रथिन. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम प्रथिन असते, म्हणजे या मात्रेच्या साठपट. ‘एका दाण्याने काय होतंय’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. ऑस्ट्रेलियात २००७ पासून वापरात असलेली ‘व्हायटल’ ही पद्धत अशाच गणितावर चालते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्यासाठी कोडेक्सची आणि भारताचीही मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे.

कारखान्यातील नियंत्रण : कोडेक्सने २०२० मध्ये यासाठी स्वतंत्र आचारसंहिता काढली, तिचा गाभा मात्र शिस्तशीर स्वयंपाकघरासारखाच आहे. पुरवठादाराकडून लेखी माहिती घ्यायची आणि त्याने माल वा यंत्र बदलले तर कळवण्याचे बंधन घालायचे. ॲलर्जनची पोती खालच्या फळीवर ठेवायची, म्हणजे फुटली तरी दुसऱ्यावर सांडत नाहीत. प्रत्येक ॲलर्जनसाठी वेगळ्या रंगाचे चमचे, डबे, ब्रश. दिवसाची आखणी अशी की साधा माल आधी, शेंगदाण्याचा शेवटी, आणि मग पूर्ण सफाई. सुक्या पिठाच्या जागी पाणी चालत नाही, तिथे निर्वात यंत्राने ओढून घेतात. दाबाच्या हवेने पीठ उडवणे हा बऱ्याच ठिकाणचा आवडता आणि घातक मार्ग आहे. एका यंत्रावरची धूळ शेजारच्या चारांवर बसते.

वेष्टनावरील सूचना : भारतीय पाकिटावर ‘यात अमुक आहे’ आणि ‘यात अमुक असू शकते’ अशा दोन वेगळ्या सूचना दिसतात. पहिली पाककृतीतल्या घटकांची, दुसरी अपघाताने येऊ शकणाऱ्यांची. दुसरी सूचना सफाईला पर्याय म्हणून सर्रास छापली जाते, मग ग्राहक ती वाचणेच सोडून देतो. अमेरिकेत तिळाची सक्ती झाल्यावर काही बेकऱ्यांनी कहर केला : तीळ पूर्ण दूर ठेवणे अवघड म्हणून त्यांनी पावात मुद्दाम थोडे तिळाचे पीठ घालून ते घटकांत लिहिले. कायदा पाळला गेला आणि तिळाची ॲलर्जी असलेल्यांचे नेहमीचे पाव बंद झाले.

आपल्याकडचा ग्राहक पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र आवर्जून बघतो. अंडे मांसाहारी गणले जात असल्याने अंड्याची ॲलर्जी असणाऱ्याला या ठिपक्याची आयती मदत होते. दूध, गहू, शेंगदाणा, काजू यांबाबत तो काहीच सांगत नाही. सुट्या मालाला तर लेबलच नाही. मोठ्या उपाहारगृह साखळ्यांना ॲलर्जनची माहिती देणे बंधनकारक आहे आणि १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटावर ‘या तारखेपर्यंत खावी’ असे लिहावे लागते. काजूकतलीत काजूबरोबर शेंगदाणा वाटला आहे का, हे त्या पाटीवर नसते. ते दुकानदाराला विचारावे लागते, आणि माल बाहेरून येत असेल तर तोही हलवायालाच विचारून सांगणार.