एचबीडीएच: धान्य की मापटं?

लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'एचबीडीएच' (हायड्रॉक्सिब्युटिरेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम) लिहिणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, कारण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, अल्फा आणि बीटा. मागे एका मधुमेही मुलीचं सॅम्पल आलं. तिला दम लागलेला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. डॉक्टरांना हवे होते रक्तातले कीटोन (साखर वापरता येत नाही तेव्हा शरीर चरबीतून बनवतं ते पदार्थ). काउंटरवरच्या मुलाला संगणकात 'अल्फा-एचबीडीएच' सापडलं, त्याने तेच बुक केलं. रिपोर्ट आला १६० युनिट प्रति लिटर, नॉर्मल. वॉर्डातून कुणीतरी फोनवर 'कीटोन नॉर्मल आहेत' असं सांगून मोकळं झालं. त्याच नळीतलं उरलेलं सीरम मी पुन्हा लावलं तेव्हा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे मुख्य कीटोन, निघालं ५.४ मिलिमोल प्रति लिटर, खूपच जास्त.

अल्फाचं पुराण तुम्हाला पाठ असेल, त्यामुळे पटकन उरकतो. ते वेगळं एन्झाइमच नाही, आपलं नेहमीचं एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज) आहे. त्याला पायरुव्हेटऐवजी ऑक्सोब्युटिरेट दिलं की हृदयात भरपूर असलेलं त्याचं रूप, एलडीएच-१, जास्त जोमाने काम करतं. रोझाल्की आणि विल्किन्सन यांनी १९६० मध्ये या कामाला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षं हार्ट अटॅकसाठी ही तपासणी चालली. हार्ट अटॅकसाठी ट्रोपोनिनची तपासणी आल्यावर तिचं काम संपलं. यादीतून मात्र नाव कुणी काढत नाही.

हायड्रॉक्सिब्युटिरेटमध्ये अल्फा म्हणजे दुसऱ्या कार्बनवर ओएच, बीटा म्हणजे तिसऱ्यावर. डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या कोर्सची) मुलं हे घोकतात, आणि घोकूनही चुकतात, कारण गोंधळ तिथे नाहीच.

गोंधळ इथे आहे: अल्फामध्ये एन्झाइम पेशंटचं असतं, बीटामध्ये ते आपण विकत आणलेलं असतं. एकीकडे ते धान्य, दुसरीकडे मापटं. अल्फा लावताना ऑक्सोब्युटिरेट आणि एनएडीएच (एन्झाइमचा जोडीदार रेणू, तो ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो) आपण भरपूर घालतो आणि पेशंटचं एन्झाइम ते किती वेगाने संपवतं हे पाहतो. ३४० नॅनोमीटरवर अ‍ॅब्जॉर्बन्स उतरत जातो, उत्तर युनिट प्रति लिटरमध्ये. बीटामध्ये एन्झाइम आपलं, एनएडीही (त्याच जोडीदाराचं तिथे प्रकाश न शोषणारं रूप) आपलं. पेशंटने आणायचं ते फक्त हायड्रॉक्सिब्युटिरेट. त्याचं अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होतं, एनएडीचं एनएडीएच होतं, त्याच ३४० वर अ‍ॅब्जॉर्बन्स चढतो आणि उत्तर येतं मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ०.५ च्या आत असलं की ठीक, ३ किंवा वर गेलं की कीटोअ‍ॅसिडोसिसचा (कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होण्याचा) विचार करायचाच. म्हणून 'पेशंटचं बीटा-एचबीडीएच वाढलंय' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. वाढेल कसं? ते आमच्या फ्रिजमधल्या बाटलीत आहे!

आणि त्या बाटलीतलं एन्झाइम माणसाचं नाही, जिवाणूचं आहे. आपल्यातही हे एन्झाइम असतं, पण मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात रुतलेलं, आणि लेसिथिन या स्निग्ध पदार्थाशिवाय ते काम करत नाही. असलं नखरेल एन्झाइम बाटलीत कोण भरणार? र्‍होडोबॅक्टर स्फेरॉइड्ससारख्या जिवाणूंचं मात्र पाण्यात सरळ विरघळतं. आपण चरबी साठवतो तसं हे जिवाणू पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट साठवतात (लमुआन्य यांनी ते १९२६ च्या सुमारास शोधलं). साठा मोडून खायचा तर हे एन्झाइम लागतंच. ऑक्सफर्डला विल्यमसन, मेलॅन्बी आणि क्रेब्स यांनी १९६२ मध्ये तेच वापरून रक्तातले कीटोन मोजले. अल्कलाइन पीएचला ही क्रिया पुढे ढकलता येते. तरी ती मागे फिरू नये म्हणून त्यांनी तयार होणारं अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हायड्राझिनने बांधून ठेवलं. सातच्या आसपास पीएच ठेवून एनएडीएच घातलं की तीच क्रिया उलट चालते आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटही मोजता येतं.

लघवीच्या पट्टीबद्दल एवढंच: तिच्यातलं रंग बदलणारं रसायन, नायट्रोप्रुसाइड, हायड्रॉक्सिब्युटिरेटला ओळखतच नाही, आणि कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये तेच सर्वांत जास्त असतं. शिवाय या 'कीटोन बॉडी'च्या रेणूत कीटोनच नाही, पण ते भांडण मी सोडून दिलंय. कीटो डाएटवाल्यांसाठी एक सूचना: हायड्रॉक्सिब्युटिरेटच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी, डी आणि एल, एन्झाइमला फक्त डी रूप कळतं. डी-एल मिश्रणाचे क्षार पिऊन मोजाल तर त्यातलं एल रूप आकड्यात येणार नाही.

नावावरून होणारा गोंधळ काउंटरवर निस्तरता येतो. क्युव्हेटमधला (मशीनच्या मोजमापाच्या नळीतला) तसा निस्तरत नाही. शॉकमधल्या पेशंटच्या रक्तात लॅक्टेट भरपूर असतं, आणि सॅम्पल हेमोलाइज झालं (त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या) असेल तर एलडीएचही भरपूर. त्यांना आपल्या अल्कलाइन रिएजंटमधलं आयतं एनएडी मिळालं की एनएडीएच तयार होतं, आणि मशीन ते कीटोन म्हणून छापतं. म्हणजे यादीतून काढायला हवं ते अल्फा इथे मागच्या दाराने आत येतं. त्याला अडवायला रिएजंटमध्ये ऑक्सामेटसारखा एलडीएचचा अवरोधक घालतात. नव्या किटचा इन्सर्ट (माहितीपत्रक) हातात आला की मी किंमत बघायच्या आधी ते शोधतो.