उजेड पत्र्याला नको, सुपाला हवा

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये गेलो होतो. पत्र्याचं उंच शेड, वर कैच्यांना ओळीनं ४० ट्यूबलाइट, भर दुपारी सगळ्या चालू. खाली बायका तूरडाळ निवडत होत्या. त्यातल्या एक मावशी सारख्या उठायच्या, सूप दारापाशी नेऊन तिरपं धरायच्या, खडा वेचायच्या आणि परत जागेवर येऊन बसायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "आठे उजेडच नही, भाऊ."

मावशींचं खरं होतं. दिवा घेताना आपण वॅट विचारतो, पण वॅट म्हणजे दिव्यानं खाल्लेली वीज. दिव्यातून निघालेला उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि दर चौरस मीटरवर जितके लुमेन पोचतात त्याला लक्स म्हणतात. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला साधारण ३०० ते ५०० लक्स लागतात. बिल वॅटवर येतं, काम मात्र लक्सवर चालतं.

जुना पिवळा बल्ब एका वॅटमागे १२-१५ लुमेन द्यायचा, बाकी सगळी उष्णता. ट्यूबमध्ये पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतली पांढरी भुकटी त्यांचा उजेड करते. तिथंही बरीच वीज वाया जाते, शिवाय चोक तापतो तो वेगळाच. एलईडीच्या चिपमध्ये विजेचा थेट निळा प्रकाश होतो, त्यावरच्या पिवळ्या थरामुळे तो पांढरा दिसतो आणि वॅटमागे १०० लुमेन सहज मिळतात. हा निळा एलईडी साधायला अनेक वर्षं गेली. तो घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता त्या शेडचा हिशोब करू. जुनी ट्यूब चोक धरून ५२ वॅट खाते, तिच्या जागची एलईडी २० वॅट. एका दिव्यामागे ३२ वॅट वाचले, ४० दिव्यांचे १२८० वॅट. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३८४० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर ३४,५६० रुपये झाले. (तुमच्या बिलावरचा दर घालून बघा.) एक एलईडी २५० रुपयांना धरली, तरी घातलेले १० हजार चार महिन्यांच्या आत वसूल होतात.

पण वरच्या ४० ट्यूब काढून तिथंच ४० एलईडी लावल्या, तर मावशींना दारात जावंच लागेल. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की खाली उजेड चौथाई उरतो. लांब ट्यूबचं गणित थोडं वेगळं आहे, पण दिशा तीच. म्हणून निवडायच्या जागेवर दोन-तीन एलईडी साखळीनं खाली, डोक्याच्या थोड्या वर सोडायच्या आणि बाकी शेडमध्ये चालण्यापुरता उजेड ठेवायचा. मग ४० दिवे लागतच नाहीत. दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर आहे ना, तेही बघा. तो कमी असेल तर रंग नीट ओळखू येत नाहीत, आणि डाळ निवडणं म्हणजे रंगच ओळखणं. सराफ बाजारातही हेच लागू.

बाहेर मे महिन्याच्या दुपारी लाखभर लक्स ऊन आणि आत दिवे, हे मला खरंच बघवत नाही. मात्र छतात पारदर्शक पत्रे बसवताना जपून. जळगाव २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो आणि त्या पत्र्यांतून उजेडाबरोबर आगही उतरते. त्यापेक्षा उत्तरेच्या भिंतीत उंचावर छज्जाखाली खिडक्या आणि आतून पांढरा चुना बरा.

उन्हाचा आणखी एक फटका आहे. एलईडी बहुतेक वेळा चिपमुळे जात नाही, ड्रायव्हरमुळे, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे जाते. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याला चिकटवलेली एलईडी लवकर जाणारच. वीतभर तरी खाली घ्या, भोवती हवा खेळू द्या.

आणि डाळमिलमध्ये भुसा उडतो. त्याचा थर दिव्यावर बसला की उजेड तिथंच अडतो, वीज मात्र तेवढीच जाते. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, दिवे गार झाले की कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.