दश्शीवर घेतलेला डाव

सप्टेंबर २००७. ‘ॲब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर हजार डॉलर प्रवेश शुल्काची स्पर्धा संपत आली होती आणि दोघेच उरले होते. मार्को जॉन्सन या खेळाडूने हातात काहीही नसताना, समोरच्याला घाबरवण्यासाठी सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, पुढे सारल्या. समोर ‘पॉटरिपर’ नावाचे खाते. त्याच्याकडे ना जोडी, ना एका रंगाची पाच पाने. हातातले मोठ्यात मोठे पान दश्शी. जॉन्सनकडे नुसती राणी असती तरी पॉटरिपर हरला असता. अशी पाने कोणीही टाकून देतो. त्याने डाव घेतला आणि जिंकलाही, कारण जॉन्सनची पाने त्याहून हलकी होती.

एका डावावरून चोर ठरवता येत नाही. जॉन्सनने कंपनीकडे स्पर्धेतल्या डावांची नोंद मागितली. त्याला जी एक्सेल फाइल मिळाली तिच्यात फक्त त्याची नव्हे, तर सगळ्या खेळाडूंची झाकलेली पाने होती. टेबल नुसते पाहत बसलेल्यांचे क्रमांकही होते. जाणकार खेळाडूंनी ती ओळीओळीने वाचली. पॉटरिपरने पहिले दोन डाव सोडले होते. मग ३६३ क्रमांकाचे एक खाते प्रेक्षक म्हणून टेबलावर आले आणि तिथून पॉटरिपर जवळपास प्रत्येक डाव खेळू लागला. बऱ्याच वेळाने त्याने सुरुवातीलाच पाने टाकली, तेव्हा दुसऱ्या एकाच्या हातात दोन राजे होते. ३६३ हे कंपनीच्या आतले खाते होते आणि त्याला सगळ्यांची पाने उघडी दिसत होती.

इथे पत्ते पिसणारा माणूस नसतो. सर्व्हर पत्ते पिसतो, वाटतो, म्हणून बावन्नच्या बावन्न पाने त्याला ठाऊक असतात. पिसणे कितीही निर्दोष असले, तरी सर्व्हरच्या आत डोकावायची वाट ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे त्याचा उपयोग शून्य.

पण अशी फाइल प्रत्येक वेळी हाती लागत नाही. मग उरते संख्याशास्त्र, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो. पोकरमध्ये नशिबाचा गोंगाट प्रचंड असतो. चांगला खेळाडू शंभर डावांमागे साधारण ५ ‘बिग ब्लाइंड’ कमावतो; बिग ब्लाइंड म्हणजे पाने पाहण्याआधी लावायची ठरलेली बोली. मात्र त्याच शंभर डावांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ८० ते १०० ब्लाइंड असते. डाव वाढले की सरासरीतला गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो. विचलन ९० धरले, तर १०,००० डावांनंतर तो ९ वर येतो, म्हणजे कमाईपेक्षा अजूनही जास्तच. दहा लाख डाव झाले की ०.९. म्हणून महिनाभर सतत जिंकणाऱ्यावर लगेच संशय घेणे अन्यायाचे आहे. एक लाख खेळाडूंत केवळ नशिबाने सरासरीच्या तीन विचलने वर जाणारे सुमारे १३५ निघतीलच.

‘अल्टिमेटबेट’ या संकेतस्थळावरचे ‘निओनिओ’ हे खाते त्यांतले नव्हते. सुमारे ३,००० डावांत त्याने तीन लाख डॉलरच्या आसपास कमावले होते. हिशेब करणाऱ्यांना ही कमाई सरासरीच्या दहा विचलने वर दिसली. नशिबाने इतके वर जाण्याची शक्यता १० च्या २३ व्या घातामध्ये सुमारे एक, म्हणजे एकावर तेवीस शून्ये. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल जोसेमने अशा खात्यांचे आलेख मांडले. शेकडो खेळाडूंचे ठिपके एका ढगात आणि संशयिताचा ठिपका दूर, एकटा. तो आलेख पाहिल्यावर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

दोन्ही संकेतस्थळांना परवाना देणारा काहनावाके गेमिंग कमिशन हा आयोग कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या मोहॉक वस्तीत आहे. २००८ मध्ये त्याने अल्टिमेटबेटमधल्या फसवणुकीचा मुख्य ठपका १९९४ चा जागतिक पोकर विजेता रस हॅमिल्टन याच्यावर ठेवला. मे २००४ ते जानेवारी २००८ असा हा काळ. खेळाडूंना दोन कोटींहून अधिक डॉलर परत करावे लागले. मला अस्वस्थ करतात ती ही साडेतीनहून अधिक वर्षे. हावरटपणा आलेखात दिसला, म्हणून हे पकडले गेले. दहा-वीस डावांतून एकदाच चोरून पाहणारा, मुद्दाम मधूनमधून हरणारा त्याच ढगात लपून राहू शकतो.

ज्यात वाटणाऱ्याला कोणाचीच पाने दिसत नाहीत अशा पत्तेवाटपाची कल्पना शमीर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन या कूटलेखनाच्या अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडली होती. समजा खेळणारे दोघे आहेत, राधा आणि सदू. राधा प्रत्येक पान वेगळ्या पेटीत ठेवते, बावन्न पेट्यांना आपली कुलपे लावते आणि सदूकडे पाठवते. सदू त्या पिसतो आणि न उघडता काही राधाला देतो. ती आपली कुलपे काढून स्वतःची पाने पाहते. सदूला हव्या असलेल्या पेट्यांवर तो आपले दुसरे कुलूप चढवतो. राधा त्यांवरचे आपले कुलूप काढते, पण सदूचे असल्याने तिला आत पाहता येत नाही. पेट्या परत आल्या की सदू आपले कुलूप उघडतो. गणितात ही कुलपे म्हणजे अशी कूटलेखने, जी कोणत्याही क्रमाने काढली तरी चालतात. इथे पाने ठाऊक असणारा सर्व्हरच नाही, त्यामुळे ३६३ ला पाहायला काही उरत नाही. अडचण एवढीच की टेबलावर नऊ जण असले की प्रत्येक पान नऊ जणांच्या हातून जावे लागते, आणि डाव मध्येच सोडून कोणी निघून गेला तर त्याची किल्लीही त्याच्याबरोबर जाते.