थेट प्रक्षेपणातील विलंब

मैदानावर घटना घडणे आणि प्रेक्षकाच्या पडद्यावर ती दिसणे यांत जाणारा वेळ. हा विलंब दोन प्रकारचा असतो : यंत्रणेमुळे होणारा आणि प्रक्षेपकाने मुद्दाम ठेवलेला. रेकॉर्डिंग करून काही तासांनी दाखवलेला सामना याहून वेगळा. त्याला ‘थेट’ म्हणणेच चूक आहे.

विलंबाचा दोष बहुधा उपग्रहाला दिला जातो, तो फारसा खरा नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी. उंचीवर असतो, प्रकाशवेगाने जाणाऱ्या संदेशाला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद पुरतो. खरा वेळ खाते ते डिजिटल चित्राचे संकोचन (कॉम्प्रेशन). त्यात प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण न पाठवता इतर चौकटींहून असलेला फरक तेवढा पाठवतात. काही चौकटी तर त्यांच्यानंतर येणाऱ्या चौकटीवर अवलंबून असतात, म्हणजे ती येईपर्यंत थांबणे आले. ॲनालॉग प्रक्षेपणात हे थांबणे नव्हते.

इंटरनेटवर विलंब आणखी वाढतो. २००९ मध्ये ॲपलने आणलेल्या एचएलएस (एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग) पद्धतीत चित्रप्रवाहाचे तुकडे करतात. तुकडा आधी दहा सेकंदांचा असे, पुढे सहा सेकंदांचा सुचवला गेला. असे तीनेक तुकडे हाती आल्यावर प्लेअर सामना दाखवू लागतो. म्हणजे १८ ते ३० सेकंद इथेच गेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित पद्धतीत तुकड्यांचेही बारीक भाग करून हा काळ बराच कमी केला आहे.

मुद्दाम ठेवलेल्या विलंबाचा उगम रेडिओत आहे. आक्षेपार्ह उद्गार श्रोत्यांपर्यंत जाण्याआधी गाळण्याची ती सोय होती. तिचे श्रेय काहीजण १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील ॲलनटाउनच्या डब्ल्यूकेएपी केंद्राला देतात. एकाच केंद्राला श्रेय देण्यापेक्षा चुंबकीय फितीकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकी रेडिओत ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस रुळली आणि ती हाती आल्यावर ही युक्ती कोणत्याही केंद्राला सुचण्याजोगी होती. फीत ध्वनिमुद्रक शीर्षावरून (रेकॉर्डिंग हेड) काही अंतर फिरवून पुनरुत्पादक शीर्षाकडे (प्लेबॅक हेड) न्यायची, एवढीच ती रचना. सेकंदाला साडेसात इंच वेगाने सात सेकंदांचा विलंब हवा असेल, तर दोन शीर्षांमध्ये साडेबावन्न इंच फीत लागते. २००४ च्या सुपर बोलमधील (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) मध्यंतराच्या कार्यक्रमावरून वादंग माजल्यावर अमेरिकी दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमांना असा विलंब ठेवण्याकडे कल वाढला.

प्रेक्षकाला विलंब जाणवतो तो तुलनेतून. पडद्यावर गोलंदाज अजून धावपट्टीच्या टोकाला चेंडू घासत असतो आणि भिंतीपलीकडून ‘आऊट!’ असा गलका येतो. धावफलकाच्या ॲपवरही बळी आधी पडतो, कारण आकड्यांना संकोचनाची वाट पाहावी लागत नाही. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून रेडिओचे समालोचन ऐकण्याची जुनी, सुंदर रीत याच तफावतीने मोडली; रेडिओचा आवाज तेवढेच सेकंद रोखून धरला, तरच ती आज साधते.

टेनिसमध्ये स्टेडियममधूनच गुण कळवून सट्ट्यात विलंबाचा फायदा घेण्याला ‘कोर्टसायडिंग’ म्हणतात.